एका ओळीचं काम

“समद्यांच्या मेलवर ते बटण चढवायला किती टाइम लागंल?” केबिनचं दार लावून घेत सचिव लालासाहेबांनी विचारलं.

“काम एका ओळीचं हाय, साहेब,” वजीर मुलाणी म्हणाला. “पर समद्यांना दिसायला एखादा दिवस जातोय.”

“मग आत्ताच लाव. परवा चौकशी हाय.”

इस्लामपूरच्या त्या शिक्षणसंस्थेत वजीर चौदा वर्षं संगणक विभाग सांभाळत होता. विभाग म्हणजे तो एकटा, आणि तोही कंत्राटी. साताऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या शाळा-कॉलेजांतले सातशे बारा जणांची मेलखाती त्याच्या हाताखाली होती. फसव्या मेलांचा सुळसुळाट झाला तेव्हा त्यानंच हे बटण शोधून काढलं होतं. मेल उघडला की बाजूला दिसायचं, दाबलं की मेल खरा की खोटा ते सांगायचं. मार्चमध्ये लालासाहेबांनी ते फक्त पाच मोठ्या साहेबांना द्यायला लावलं. बाकीच्यांसाठी वजीरनं तीन अर्ज केले. “कारकुनांना कशाला असली थेरं?” म्हणून तिन्ही पडून राहिले.

एप्रिलमध्ये परीक्षा विभागातल्या राजेश्वरीबाईंना प्राचार्यांच्या नावानं खोटा मेल आला. बाईंनी विश्वासानं पासवर्ड भरला. दुसऱ्या दिवशी गणिताची प्रश्नपत्रिका पोरांच्या मोबाइलवर फिरत होती. एकवीस वर्षं नोकरी केलेली बाई निलंबित झाली.

“चौकशीत एवढंच सांगायचं,” लालासाहेब म्हणाले. “बटण समद्यांना दिलं हुतं. बाईनं दाबलं न्हाई.”

“पर साहेब, बटण कवा दिलं त्याची आत तारखेसकट नोंद असती.”

“ती काळी खिडकी तुझ्याबिगर कोण उघडतंय?” त्यांनी एक फाइल बोटानं पुढं सरकवली. वजीरच्या कायम नेमणुकीचा आदेश होता तो. फक्त सही राहिली होती.

वजीर जागेवर येऊन बसला. संगणकाला हुकूम द्यायच्या त्या काळ्या खिडकीत त्यानं पाच नावांच्या जागी ‘सर्व’ असं सांगणारी ओळ लिहिली आणि कळ दाबली. पडद्यानं त्याला काहीच विचारलं नाही. आता बटण सातशे अकरा जणांना दिसणार होतं. राजेश्वरीबाईंचं खातं निलंबनाच्या दिवशी त्यानंच बंद केलं होतं.

चौकशीला तिघे सदस्य होते. बाई भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

“बटण सर्वांना दिलं होतं?” अध्यक्षांनी विचारलं.

“दिलंय, साहेब.”

‘होतं’ हा शब्द वजीरनं तोंडातून काढला नाही. तेवढीच पळवाट त्यानं स्वतःसाठी ठेवली होती. लिहून घेणाऱ्यानं मान वर न करता लिहिलं, ‘दिले होते.’ वजीरला ते उलट्या बाजूनंही वाचता आलं. त्याखाली त्यानं सही केली.

“मला तर कदी दिसलं न्हाई ते,” बाई हळूच म्हणाल्या. मग वजीरकडं पाहून त्यांनी मान हलवली. “पर वजीरभाई म्हणत्यात म्हंजे असंल. माझंच ध्यान नसंल.”

महिन्याभरात त्यांना बडतर्फीचं पत्र गेलं. त्यांच्या खणातलं सामान पोचवायला कुणी तयार होईना, म्हणून वजीर पिशवी घेऊन मोटारसायकलनं कडेगावला गेला.

“एवढ्या हापिसात तुमी तेवढं आला,” चहा ठेवत बाई म्हणाल्या. विट्याच्या एका खासगी शाळेत त्या अर्ज करत होत्या. “ओळखीच्या माणसाचं नाव लिवायचं हाय. तुमचं लिवू का?”

“लिवा,” वजीर म्हणाला.

त्याचा नंबर त्यांनी पाठ असल्यागत लिहिला. “आन् हुद्दा? अजून कंत्राटीच का वो?”

वजीरनं चहाचा कप खाली ठेवला. “न्हाई. कायम झालो. गेल्या आठवड्यात.”

“आवं, मग सांगायचं न्हाई व्हय! लय बरं झालं. चौदा वर्सं घासलीसा.” त्या लगबगीनं उठल्या आणि आतून चिमूटभर साखर घेऊन आल्या. त्यांनी ती वजीरच्या तळहातावर ठेवली.

मूठ मिटून तो अंगणात आला. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. गाडीला किल्ली लावायला मूठ उघडावीच लागली. घामानं भिजलेली साखर बोटांना चिकटली होती. बाईंच्या देखत त्याला ती पुसताही येईना.