शंभर दाणे, पुन्हा

दुसऱ्याची मेहनत तोंडी लावून जेवायची सवय स्वप्निलला कुठून लागली, ते पार्वताबाईंना कळत नव्हतं. दर रविवारी लेक अकोल्याहून दर्यापूरला यायचा, ताटावर बसायचा आणि कुणाच्या तरी कागदाची चिरफाड करायचा. संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीवर तो आहे, हे त्या गावभर सांगत. त्याचं ते हसणं मात्र त्यांना खपत नसे.

या खेपेला वर्षाली नावाची विद्यार्थिनी तावडीत सापडली होती. अमुक औषध चोळलं की सोयाबीनचे शंभरातले पंच्याऐंशी दाणे उगवतात, असं अमरावतीला कुणीतरी दाखवलेलं. हिला तेच दर्यापूरकडे पुन्हा करून पाहायचं होतं.

"झालेलंच उगाळून राहिली! नवं काय त्यात?" त्यानं लाल शाईनं शेरा मारला होता, 'नावीन्य नाही'. आठ दिवसांनी, सोमवारी बैठक. तिथं तो कागद गेला की पोरीचं वर्ष गेलं.

पार्वताबाई शिकलेल्या दुसरीपर्यंत. त्यांनी ताक वाढलं आणि न्हाणीजवळचं गोणपाट उलगडलं. तेच औषध चोळलेलं सोयाबीनचं बियाणं स्वप्निलनंच त्यांना आणून दिलं होतं. पिशवीवर काही का छापलेलं असेना, पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून कोंब मोजायचे, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम.

"अठ्ठावन," त्या म्हणाल्या.

"शक्यच नाही, माय. गोणपाट वाळलं असन."

तो उष्ट्या हातानंच उठला. मग हात धुऊन त्यानं स्वतः शंभर दाणे निवडले, दहा-दहाच्या रांगा लावल्या, गोणपाट भिजवून गुंडाळलं. "पानी तेवढं शिंपड, उघडू नको," असं आईलाच बजावून गेला.

पुढच्या रविवारी तो पायातल्या चपलांसकट थेट न्हाणीपाशी. दोनदा मोजलं. साठ.

"यात तू नवं काय केलं?" पार्वताबाईंनी विचारलं. "तेच दाणे, तेच औषध."

"पटलं नाही म्हणून पाह्यलं, माय."

त्यांनी खुंटीवरची त्याची बॅग काढून त्याच्या पुढ्यात टाकली.

"तुले पटलं नाही तं तू दुसरं गोणपाट भिजवलं. त्या पोरीनं तेच मागतलं तं तिच्या कागदावर लाल रेघ! सपन्या, असा परीक्षक मी वावरात पाखरं हाकलाले बी नाही ठेवनार. काढ तो कागद."