चौथा खांदा

कान्हे गावात धुळवडीला दरसाल सोंगं निघायची. एकोणीसशे एकोणीस साली मात्र कोंडाजीनं हट्टच धरला, की सोंग काढायचं ते मानमोडीच्या तापाचं आणि मढं मी होणार. गेल्या दसऱ्याला त्या तापानं गावातली चाळीस माणसं नेली होती. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय.

खरं कारण एकट्या कोंडाजीला ठाऊक. त्याची आई सरुबाई त्याच तापात गेली, तेव्हा धाकटा भाऊ रखमाजी घाबरून मळ्यातल्या खोपीत पळाला आणि तिची तिरडी तिघांच्याच खांद्यावर वाकडी गेली. तेव्हापासून भावांचं बोलणं बंद. आता चौथा कोपरा मुद्दाम रिकामा ठेवून सगळ्या गावासमोर त्याला मान खाली घालायला लावायची, एवढा एकच बेत होता.

दातांत तुळशीची डहाळी धरून कोंडाजी आडवा झाला. नथू, हौशीराम आणि भिमाजीनं तिरडी उचलली. मढं चांगलंच खातंपितं, त्यामुळं डोक्याकडचा रिकामा कोपरा लगेच झुकला.

"नीट धरा की रं, पडलो ना मी!"

"गप ऱ्हा, तू मेलायस!" हौशीराम खेकसला.

लुगडी नेसून गळा काढणारे बाप्ये हसून हसून खाली बसले. हसताना बऱ्याच जणांनी डोळे पुसले. पाच महिन्यांत गावाला धड रडताही आलं नव्हतं.

तेवढ्यात तिरडी सरळ झाली. कुणीतरी चौथा खांदा दिला होता. कोंडाजीनं डोळे उघडले नाहीत, पण तपकिरीचा वास आला. एवढी तपकीर गावात फक्त रखमाजी ओढायचा. कोंडाजीला रडू येणार, त्याआधी शिंकच आली, आणि तीही अशी की डहाळी उडून नथूच्या पागोट्यावर बसली.

"आली रं आली, मानमोडी आली!" नथू बोंबलला.

तिघं खांदेकरी, रडणारे, वाजंत्री, सगळे वाट फुटेल तिकडं पळाले. कोंडाजी पायांकडून घसरत धपकन धुळीत आला.

वर पाहतो तर रखमाजी आपला बांबू खांद्यावर घट्ट धरून उभा.

"पळ की रखमा. मला ताप आलाय."

"यिऊ दे. आता न्हाई पळायचा मी, दादा."

कोंडाजीला आईची फार आठवण आली. धोतरानं नाक पुसत तो उठला आणि त्यानं तिरडीचं दुसरं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. ओढ्यापलीकडं पळालेलं गाव तिथूनच बघत राहिलं. पुढं मढं, मागं भाऊ, मधे रिकामी तिरडी, आणि दोघं घराकडं निघालेले.