गरजेचा दाखला

माझा स्वभावच संशयी आहे. बायको होती तेव्हा म्हणायची, "ऑरिन, चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात आणि तू देणगीची थाळी कुठवर पोचली ते बघतोस." खोटं नव्हतं ते. कुणी 'लोकांच्या हितासाठी' म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या लोकांच्या?

या खोडीवरच माझं पोट चालतं. राजधानीत एका हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. सरकारचे नियम वाचायचे, त्यात कुणाची पोळी भाजली जातेय ते हुडकायचं आणि वर्तमानपत्रातून बोंब मारायची, हे आमचं काम. नदीत सांडपाणी सोडायचा परवाना असो की दवाखान्यातल्या खाटांची मंजुरी, आम्हाला सगळं सारखंच. धंद्याची दारं उघडी ठेवा, ज्याला यायचं तो येऊ दे, गिऱ्हाईक काय ते ठरवेल, असं आम्ही मानतो. निदान तसं आमच्या पत्रकावर छापलेलं असतं.

आत शिरताच समोरच्या भिंतीवर फोटो लावलेले आहेत. आमच्या मदतीने सरकारशी भांडून जिंकलेल्या माणसांचे. पहिला आणि सगळ्यांत मोठा फोटो डेल्बर्ट स्लोनचा.

डेल्बर्ट आमच्या डोंगराळ भागातला. तीन वर्षांपूर्वी त्याला रुग्णवाहिका सुरू करायच्या होत्या. आमच्या राज्यात त्यासाठी गरजेचा दाखला लागतो, आणि तो द्यायच्या आधी सुनावणी होते. या सुनावणीत, जे आधीपासून त्या धंद्यात आहेत त्यांना हजर राहून सांगता येतं की इथे आणखी कुणाची गरज नाही. म्हणजे नव्या न्हाव्याने दुकान काढावं की नाही, ते जुन्या न्हाव्याला विचारायचं! तेव्हा हॉस्पिटलवाल्यांनी हरकत घेतली होती. त्यांची गाडी किती उशिरा पोचते ते दाखवायला मी माझ्या ट्रकमधून दऱ्याखोऱ्या पालथ्या घातल्या, घड्याळ लावून प्रत्येक रस्ता मोजला आणि हाताने नकाशा काढला. त्या नकाशावर डेल्बर्ट जिंकला.

आता वनेटा कॉम्ब्सची पाळी होती. वनेटा वीस वर्षं रुग्णवाहिकेवर काम करत आलेली, शेवटची दोन डेल्बर्टकडेच. फर्नी क्रीकच्या दरीतली माणसं वाट बघत मरतात, हे बघून तिने नोकरी सोडली. एक जुनी रुग्णवाहिका घेतली, ती चर्चच्या आवारात उभी केली आणि दाखल्यासाठी अर्ज केला. त्या दरीत माझी बहीण इमोजीन राहते. गेल्या हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला आणि गाडी यायला बावन्न मिनिटं लागली. ती वाचली, पण उजव्या हाताने तिला आता कप उचलता येत नाही. तेव्हा हा अर्ज माझ्यासाठी नुसता कागद नव्हता.

सुनावणीच्या दहा दिवस आधी हरकत आली. खाली राजधानीतल्या वकिलाची सही, वर कधी न ऐकलेल्या कंपनीचं नाव.

"हॉस्पिटल असणार," मी वनेटाला म्हणालो. "नाव बदलून आलेत. कोल्हा कितीही कात टाकू दे..."

"कात साप टाकतो, ऑरिन."

"तेच ते. पुढची पानं दे."

शेवटचं पान नकाशाचं होतं. फर्नी क्रीकला सध्याची सेवा अठरा मिनिटांत पोचते, असं त्यात दाखवलं होतं. मी तो उजेडात धरला. पुलाच्या खुणेभोवती एक करडं वर्तुळ होतं. माझ्या कॉफीच्या कपाचं. नकाशा काढताना मी कप त्यावर ठेवला होता आणि वर स्वतःलाच शिव्या दिल्या होत्या.

त्या नकाशाच्या तीनच प्रती होत्या. एक माझ्याकडे, एक आमच्या कचेरीत आणि एक डेल्बर्टकडे.

कचेरीतली प्रत जागेवर होती, हे मी दोनदा बघितलं. आमचा प्रमुख लॉइड पेनिक्स त्याच्या खोलीत होता. मी दार लावलं आणि विचारलं, "लॉइड, डेल्बर्ट आपल्याला देणगी देतो का?"

"देणगीदारांची नावं आपण विचारत नाही. तुला ठाऊक आहे. तूच तो नियम लिहिलास."

"लिहिला, कारण सरकारला नावं कळू नयेत. मलाही कळू नयेत असं कुठे म्हटलं होतं?"

लॉइडने चष्मा पुसला. एरवी तो चष्मा पुसत नाही. "वनेटाचं प्रकरण जरा बाजूला ठेवू," तो म्हणाला. "या वर्षी नदीच्या परवान्यांवर जोर देऊ या."

मग मी गाडी काढली आणि तडक डेल्बर्टला गाठलं. सकाळी तो कोर्टासमोरच्या हॉटेलात असतो, बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, आणि ग्रेव्ही खात. मला बघून तो खूश झाला, हीच त्यातली वाईट गोष्ट.

"बस रे लेका! मेबल, याला कॉफी दे. कागदांपासून लांब ठेव म्हणजे झालं."

"तो डाग तुला आठवतो तर," मी म्हणालो. "म्हणजे हरकत घेणारी ती नव्या नावाची कंपनी तुझीच."

त्याचा चमचा थांबला. मग त्याने शांतपणे घास संपवला. "माझ्याकडे चार गाड्या आहेत, ऑरिन. बावीस माणसं. तिने इथली थोडी जरी गिऱ्हाइकं ओढली तर माझा धंदा बसला. मग साऱ्या डोंगरात एकही गाडी उरणार नाही. त्यात लोकांचं हित आहे का?"

"अगदी हेच तुझ्याविरुद्ध हॉस्पिटलचा वकील बोलला होता."

"तो खोटं बोलत होता."

"आणि तू?"

"माझ्यावर बावीस घरं अवलंबून आहेत."

त्याला ते मनापासून वाटत होतं. लबाड माणूस मला परवडतो, त्याचा हात कुठे आहे ते दिसतं. याचे तर डोळे पाणावले होते.

"डेल्बर्ट, तुझ्या नकाशातला पूल दोन वर्षांपूर्वी पुरात वाहून गेला. तुझी गाडी डोंगराला वळसा घालून येते. इमोजीनला विचार."

"पूल काय, सरकार बांधेल की."

"सरकारवर तुझा एवढा विश्वास कधीपासून बसला रे?"

मेबलने मागे फिस्सकन हसून कॉफी सांडली. डेल्बर्ट हसला नाही.

सुनावणीला मी गेलो. लॉइडने बजावलं होतं, "संस्थेच्या नावाने बोलायचं नाही." ठीक. समोर सुनावणी अधिकारी मिसेस हॅचर, बाजूला वकील, मागे डेल्बर्ट टाय लावून. वनेटा एकटीच बसली होती, गणवेशात, हात मांडीखाली दाबून. ही सुनावणी हरली असती तर तिची गाडी चर्चच्या आवारातच गंजली असती आणि दरीची बावन्न मिनिटं बावन्नच राहिली असती.

"आपण कोण म्हणून बोलताय?" मिसेस हॅचरनी विचारलं.

"इमोजीनचा भाऊ म्हणून, मॅडम. आणि हा नकाशा मी काढलाय."

वकील उठून उभा राहिला. मिसेस हॅचरनी त्याला हातानेच बसवलं. मी मूळ नकाशा टेबलावर पसरला. त्यावर तपकिरी डाग होता, त्यांच्या पानावर तोच करडा. मग डागाच्या मधोमध बोट ठेवलं. "इथे पूल होता. आता नाही. अठरा मिनिटं पुलावरूनची आहेत. पूल नसताना किती लागतात ते माझ्या बहिणीने मोजलंय, जमिनीवर पडल्या पडल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. डेल्बर्ट बाहेर निघून गेला होता. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्याच्या विजयाच्या दिवशी आम्ही दोघं या खोलीबाहेर गळ्यात गळे घालून रडलो होतो.

तीन आठवड्यांनी दाखला आला. वनेटाला मिळाला. त्याच दिवशी मी डेल्बर्टचा फोटो भिंतीवरून काढला. लॉइडने फक्त चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वनेटा कचेरीत आली. एका हातात दाखला, दुसऱ्या हातात सफरचंदाचा थरांचा केक. इमोजीनने डाव्या हाताने थापला होता, म्हणून सगळे थर एका बाजूला कलले होते. मी एवढा खूश झालो की माझा मलाच संशय आला.

"चल, भिंतीपाशी उभी राहा," मी कॅमेरा काढत म्हणालो. "दाखला छातीशी धर. मोठ्या खिळ्यावर तुझाच फोटो लागणार."

ती उभी राहिली. केस मागे सारले, हसली. मी डोळा कॅमेऱ्याला लावला.

"ऑरिन, एक विचारू?"

"विचार की."

"आता आमच्या दरीत दुसरं कुणी यायला निघालं, तर मला आधी कळवतात ना? म्हणजे हरकत घ्यायला किती दिवस मिळतात?"

बोट कॅमेऱ्याच्या बटणावरच राहिलं. ती अजून हसत होती. तिच्या चेहऱ्यावर पाप नव्हतं. भाड्याचं घर घेतल्यावर पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारावं, तसं विचारलं होतं तिने.

"दहा दिवस," मी म्हणालो. खरं ते सांगावंच लागतं.

"दहा. बरं," असं म्हणून तिने ते दाखल्याच्या पाठीमागे लिहून घेतलं.

फोटो मी काढला. चांगला आलाय, हसरा. माझ्या खणात आहे. मार्चमध्ये इमोजीनला पुन्हा चक्कर आली तेव्हा वनेटाची गाडी अकरा मिनिटांत दारात होती. तिच्याविरुद्ध एक शब्द बोलायची माझी छाती नाही. पण भिंतीवरचा मोठा खिळा अजून रिकामाच आहे, आणि त्या कॉफीच्या डागाच्या नकाशाच्या मी आणखी चार प्रती काढून ठेवल्यात, पूल खोडून, पुढे जो कुणी अर्ज करेल त्याच्यासाठी.