साठातले पस्तीस

मी आठवीत शाळा सोडली ती शेकडेवारीपायी. बाई फळा भरून शिकवायच्या, माझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. टक्क्यांबद्दल मला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, पस्तीस म्हणजे पास.

म्हणून एप्रिलमध्ये आमच्या ह्यांचा इको काढून डॉक्टर म्हणाले, सीतारामचं हृदय पस्तीस टक्के पंप करतंय, तेव्हा मी हुश्श केलं. भोईवाड्यात येऊन अख्ख्या चाळीला सांगितलं, हे पास झाले. शेजारच्या गंगुबाईच्या हातावर साखरसुद्धा ठेवली. माझी मुलगी मनाली कामावरून आली ती ऐकून तोंड पाडून बसली. शाळेतले टक्के नाहीत गं हे, म्हणाली. मी खेकसले तिच्यावर, तुला बापाचं चांगलं बघवत नाही का. आता त्याची लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

मग तिनेच मला शिकवायला घेतलं. ह्यांच्या गोळ्यांची दहाची पट्टी, तीन संपल्या, किती टक्के संपल्या? तीस. कशातले ते आधी विचारायचं, एवढंच ती माझ्याकडून घोकून घ्यायची. हे कॉटवरून बघत बसायचे. बोलताना धाप लागायची, तरी म्हणायचे, "चंपे, मास्तरीण होशील."

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलंच, कशातले पस्तीस? त्यांनी सांगितलं, धडधाकट माणसाचंही साठच्या आसपासच असतं, शंभर कुणाचंच नसतं. घरी येऊन कॅलेंडरच्या पाठीवर मांडलं. पस्तीस भागिले साठ, गुणिले शंभर. अठ्ठावन्न. तीनदा करून पाहिलं, मग ह्यांना दाखवलं. सेकंड क्लास की, असं म्हणून हे त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

काल परत इको काढला. वीस आलं. ह्यांना बाहेर बसवून डॉक्टर आम्हा दोघींशी बोलले. गोळ्यांचा आता उपयोग नाही, ऑपरेशन झेपणार नाही, घरी न्या, जवळच्यांना बोलावून घ्या. मनाली रडायला लागली. मला रडू येईना. मी केसपेपर उलटा केला आणि वीस भागिले साठ मांडलं. तेहेतीस. पहिल्या फटक्यात बरोबर आलं, आयुष्यात पहिल्यांदा.

कागद डॉक्टरांपुढे सरकवला.

"दोनच कमी पडतायत, साहेब. दोन मार्कांची ग्रेस तर बोर्डपण देतं."

मनालीने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

बाहेर हे व्हीलचेअरवर बसले होते, मांडीवर चपलांची पिशवी घेऊन. मला बघून विचारलं, किती आले?

"पस्तीस," मी म्हटलं.