सहीच्या आधी

ड्वेननं आत येऊन दार लावून घेतलं, बुटांचा चिखल पायपुसण्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ घासला आणि समोर खुर्ची असताना उभाच राहिला. वर्नानं कॉफी विचारली, तर नको म्हणाला. तेव्हाच तिला कळलं, की काम काही सरळ नाही.

वर्ना नोटरी होती. ओहायोतल्या त्या गावात लोक पूर्वी तिच्या टेबलाशी येऊन सही करत. आता बरेचसे घरात बसून, संगणकासमोर करत. ती पडद्यावर ओळखपत्र बघायची, खोलीत आणखी कोण आहे ते विचारायची, मग सही करून घ्यायची. या सगळ्याचं चित्रण व्हायचं, आणि ते वर्षानुवर्षं जपून ठेवायचा कायदा होता. दोन वर्षांपूर्वी ड्वेनच्या आईनं, ओपलनं, राहतं घर आणि मागची जमीन त्याच्या नावे केली, तेही असंच पडद्यावर सही करून. यंदाच्या हिवाळ्यात म्हातारी गेली.

"शेरिल उद्या येतेय," ड्वेन म्हणाला. शेरिल त्याची धाकटी बहीण. "कोर्टाचा कागद घेऊन. तुझ्याकडचं ते चित्रण तिला हवंय."

"कागद आणला तर द्यावंच लागेल."

"सापडत नाही म्हण ना. संगणक बिघडतात की."

दोघं शाळेत एका वर्गात होते. वर्नाच्या नवऱ्याच्या आजारपणात दारातला बर्फ रोज ह्यानंच उपसला होता, न सांगता. त्याच्या तोंडून हे ऐकताना तिला लाज वाटली. त्याची, आणि थोडी स्वतःचीही, कारण क्षणभर तिच्या मनानं होकार दिला होता.

"असं काय आहे त्यात? म्हातारीला तू पढवलं होतंस?"

ड्वेननं टोपी चढवली.

"तुला काय समजायचं ते समज. पण पुसून टाक, वर्ना. माझ्यासाठी एवढं कर."

तो गेल्यावर तिनं नोंद शोधली. लगेच सापडली. पुसायला एका बोटाचं काम होतं. इतक्या सह्या होऊन गेल्या होत्या, की ओपलची कशी झाली ते तिला काही केल्या आठवेना. उघडून बघावं असंही मनात आलं. पण बघितलं की आपण कुणाची तरी बाजू घेणार, हे ती ओळखून होती. आपल्या चोख कामाचा तिला अभिमान होता. तिनं संगणक बंद केला. पण ड्वेनसारख्या माणसानं आईला लुबाडावं, हे काही पचेना, आणि त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही.

शेरिल आली ती कंबर कसूनच. लांब, उष्ण ॲरिझोनाहून आली होती, आणि इथली थंडी तिला आता सोसत नव्हती. वर्नानं कागद दोनदा वाचला. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

"मला घर नकोय हो," शेरिल म्हणाली. "ड्वेननं आईला फसवलं, एवढंच बघायचंय. आपणहून तिनं मला वगळलं नसतं."

वर्नानं चित्रण लावलं. पडद्यावर ओपल आली, ठेवणीतला स्वेटर घातलेली. खोलीत कोणी आहे का, असं पडद्यावरच्या वर्नानं विचारलं. ड्वेन स्वयंपाकघरात आहे, त्याला इकडे फिरकू नकोस म्हणून बजावलंय, असं ओपल म्हणाली. शेरिल पुढे झुकली.

"तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

"दबाव?" ओपल हसली. "तो तर अजून नको म्हणतोय. शेरिलचा अर्धा वाटा ठेव म्हणतो. पण मी सांगते, ती येईल एक दिवस, आणि म्हणेल, आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिची वाट बघत खिडकीशी बसायचे ना मी, तेव्हा नव्हतं. आता आहे. कुठे करू सही?"

"खाली, उजवीकडे," पडद्यावरची वर्ना म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली.

ड्वेन काल कुणासाठी गयावया करत होता, ते वर्नाला आता कळलं. तिला स्वतःच्या चोखपणाचा मनस्वी राग आला. तिनं चित्रण थांबवलं. शेरिल रडत नव्हती. कोटाचं बटण काढत होती आणि पुन्हा लावत होती.

"परत लावा," ती म्हणाली.

"कशाला, पोरी?"

"लावा ना. फक्त आवाज बंद करा."

वर्नानं आवाज बंद केला. पडद्यावर ओपल पुन्हा आली, काहीतरी बोलली आणि हसली. शेरिलनं खुर्ची आणखी पुढे ओढली.