चकलीसाठी आणलेला मोठा उंदीर

मित्रांनो, मी साप आहे हे कळल्यावर पान उलटू नका. मला विष नाही. मी एक पिकल्या वयाची अजगरीण आहे. इकडे अमेरिकेत माझ्या जातीला बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरलो की आम्ही डोकं पोटाशी लपवून अंगाचा चेंडू करतो. मी लांबीला साधारण छत्रीएवढी आहे आणि जाडीला एखाद्या मोठ्या माणसाच्या मनगटाएवढी. माझा उजवा डोळा नाही. पाठीवर वीतभर जागा अशी आहे, की तिथे खवले पुन्हा कधी उगवले नाहीत. ते कसं झालं, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म जंगलात झाला नाही. ओहायोतल्या एका माणसाच्या तळघरात, प्लॅस्टिकच्या डब्यात, अंड्याचं कातडं फाडून मी बाहेर आले. पुढे मिशिगनमधल्या ॲन आर्बरला शिकणाऱ्या अमेय नावाच्या मुलाने मला विकत घेतलं. त्याच्या खोलीत माझी तरणी वर्षं गेली. शिक्षण संपवून तो दुसऱ्या गावी नोकरीला निघाला, तेव्हा त्याने मला जवळच्याच नोव्हाय गावी, ओळखीच्या चारुताच्या घरी दिलं. चारुताची मुलगी अंतरा तेव्हा दुसरीत होती. माझी वेटोळी पाहून ती ओरडली, "आई, शी लुक्स लाइक अ चकली!" तेव्हापासून मी चकली.

अमेयने जाताना माझं जेवण नीट समजावून दिलं होतं. फ्रीझरमधला, आधीच मारलेला उंदीर घ्यायचा. कोमट पाण्यात ठेवून आतपर्यंत वितळवायचा. माझ्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, त्याहून तो जाड नको. मग लांब चिमट्यात धरून माझ्यापुढे हलवायचा. चारुता फार काळजी करणारी. तिने गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर ठेवला. ब्लाउजची मापं घ्यायच्या टेपने ती माझं पोट मोजायची, मग उंदीर मोजायची, आणि शंका आली की परत माझं पोट मोजायची.

उंदीर मेलेला असला तरी माझी शिकार खरीच असते बरं का. मी झडप घालते. माझे मागे वळलेले दात त्याच्यात रुततात. मी त्याला तीन वेढे घालून आवळते आणि हाडं कुरकुरली तरी सोडत नाही. त्याचं काळीज थांबलं असं अंगाला कळलं, की मगच गिळते. मेलेल्याचं काळीज आधीच थांबलेलं असतं, पण माझ्या अंगाला सवय सुटत नाही.

अंतरा चौथीत गेली त्या हिवाळ्यात प्रसादची आई, शरयूआजी, साताऱ्याहून राहायला आली. प्रसाद म्हणजे अंतराचा बाबा. हिवाळ्यात माझी जात खाणं सोडते. माझ्या काचेच्या पेटीत ऊब असली तरी अंगाला ऋतू कळतो. चारुताला हे ठाऊक होतं. आजीला कोण सांगणार?

"काय गं हे चारुता, जनावर पाळलंय आणि उपाशी ठेवलंय?"

"आई, मी उपाशी नाही ठेवलं. ती हिवाळ्यात खातच नाही. नॉर्मल आहे ते."

"तुलाही बाळंतपणात भूक नव्हती. डिंकाचे लाडू घातलेच ना मी?"

सोफ्यावरून अंतरा म्हणाली, "आज्जी, शी इज नॉट अ बाळंतीण!"

"तू गप गं. बघ, कशी वाळलीय पोर."

मित्रांनो, आजी वाईट नव्हती. आल्या दिवशी मला पाहून ती किंचाळली होती, पण आठवड्याभरात दुपारी माझ्या पेटीशेजारी बसून शेंगा सोलू लागली. माझ्याशी गप्पा मारायची. एकदा मी नाकारलेला उंदीर चारुता टाकून देत होती, तेव्हा आजीने विचारलं, "हा कुठला आणलास?"

"फ्रीझरमधला."

"म्हणजे महिन्याभराचा शिळा! अगं, मग कशी खाईल ती? दारी आलेल्या पाहुण्यालाही आपण शिळं वाढत नाही. ही तर घरची लेक. ताजं आणा, गरम आणा आणि पोटभर आणा."

प्रसाद लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आईच्या बोलण्यात पॉइंट आहे. जंगलात कोण फ्रीझर घेऊन फिरतं?"

"प्रसाद, तू ह्यात पडू नकोस प्लीज."

पण तो पडला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी आईला गाडीत घालून तो पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेला. दुकानदाराने साप केवढा आहे विचारलं. प्रसादने हात पसरून माझी लांबी दाखवली. जाडी कुणी विचारली नाही आणि कुणी सांगितली नाही. भाजीवाल्याकडे आपण भरदार वांगी निवडतो, तसा आजीने त्यांतला सर्वांत मोठा उंदीर बोट दाखवून निवडला. पांढरा, जिवंत, घुशीएवढा.

चारुताने तो खोका उघडून पाहिला आणि ती पांढरी पडली. "आई, हा फार मोठा आहे. आणि जिवंत नको. मी इथे बसते. तुम्ही पुढे व्हा."

"अगं, सगळ्याजणी खोळंबल्यात तिकडे. आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये, दृष्ट लागते. म्हणून तर खात नाही ती. सावकाश जेवू दे की." आजीने खोका माझ्या पेटीत उपडा केला, जाळीचं झाकण लावलं आणि वरून आपली जुनी शाल पसरली.

चारुता दारापर्यंत जाऊन दोनदा मागे आली. मग बाहेरून गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

शालीखाली मी आणि तो, दोघंच उरलो. मला भूक नव्हती. तो मात्र भुकेला होता आणि भ्यायलेला होता. त्या पेटीत त्याला पळायला जागा नव्हती, खायला काही नव्हतं. थोडा वेळ तो काचेवर नखं घासत राहिला. मग माझ्या शेपटीजवळ आला आणि हुंगून चावला.

मी वळून झडप घातली. बेत मानेचा होता, तोंडात मागचा पाय आला. मी वेढा घालायच्या आत तो उलटा फिरला आणि त्याचे पिवळे दात माझ्या डोळ्यात घुसले. मित्रांनो, आम्हां सापांना पापण्या नसतात. डोळे मिटून घ्यायची सोय देवाने आम्हाला दिलेली नाही. ते दात आत येईपर्यंत मी पाहत होते. मग त्या बाजूला काही दिसेनासं झालं.

मी त्याला सोडलं. डोकं पोटात खुपसलं आणि चेंडू झाले. माझ्या जातीला एवढंच येतं. पण पाठ बाहेर राहते. तो पाठीवर चढला आणि कुरतडू लागला. खवले सुटले. कातडी सुटली. मांस निघालं. मी अंग घट्ट करत होते, तशी जखम अधिकच फाकत होती. त्याचे दात कण्याच्या हाडावर घासले, तो आवाज माझ्या सबंध अंगातून गेला. सापाला ओरडता येत नाही. ओरडता आलं असतं, तरी घरात ऐकायला कोण होतं?

किती वेळ गेला मला ठाऊक नाही. शाल उचलली गेली आणि अंतराची किंकाळी काचेतून मला कळली. पेटीत अंथरलेला भुसा लाल झाला होता.

चारुताने नुसता हात आत घातला. उंदराने तिच्या अंगठ्याचा लचका धरला आणि तो लोंबकळत राहिला. तिने हात बाहेर ओढला आणि उंदरासकट पेटीच्या कडेवर आपटला. पुन्हा आपटला. झुरळ मारायलाही प्रसादला हाक मारणारी ही बाई, उंदराचं डोकं फुटलं तरी थांबेना. प्रसादने तिचा खांदा धरला तेव्हा थांबली. हळदीकुंकवाला नेसलेल्या साडीवर रक्त होतं. तिचं, माझं आणि त्याचं.

"मी मारलं तिला," आजी भिंतीला टेकून म्हणाली.

"अजून मेली नाहीये ती. आई, टॉवेल आणा. प्रसाद, गाडी काढ."

ॲन आर्बरच्या, प्राण्यांच्या डॉक्टरीण बाईंनी मला टाके घातले. डोळा काढून टाकावा लागला. सुया टोचल्या. त्या म्हणाल्या, "जखम भरेल. पण ही आता उंदराला घाबरेल. हिवाळा सरल्यावरही हिने खाल्लं नाही, तर ही जगणार नाही."

हिवाळा सरला. बाहेरचा बर्फ वितळला. चारुताने चिमटा पुढे केला की मी चेंडू व्हायचे. तो वास आला की पाठीवरचे टाके ओढले जायचे. खरोखरच माझ्या बरगड्या दिसू लागल्या. अंतरा शाळेतून आली की दप्तर न काढता आधी विचारायची, "डिड शी ईट?" 

मग एका दुपारी चारुताने उंदराचं अगदी छोटं पिल्लू वितळवून आणलं. माझ्या अंगाच्या जाडीच्या निम्मंही नव्हतं ते. आजी मागे हात जोडून उभी होती. चारुताने चिमटा माझ्या डाव्या बाजूला, मला दिसेल असा धरला आणि ती तशीच बसून राहिली. मी जीभ बाहेर काढली. वास आला. पाठ आखडली. पण या वेळी भूक वरचढ ठरली आणि मी झडप घातली.

एका डोळ्याने अंतर चुकतं, मित्रांनो. माझे दात चारुताच्या मनगटात रुतले.

"अगं बाई, रक्त! ओढ, हात ओढ!" आजी धावली.

"आई, हलू नका," चारुता दात आवळून म्हणाली. "मी ओढला तर तिचे दात तुटतील. सोडेल ती. तिला कळेल."

मी तिच्या हातावर वेढा घातला आणि आवळला. तिची बोटं निळी पडू लागली. तिची नाडी माझ्या अंगात ठोके देत होती. हे जेवण नव्हे, हे मला सावकाश कळलं. मी वेढे सोडले आणि मग दात सोडले. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं, तरी तिने दुसऱ्या हातातला चिमटा खाली ठेवला नव्हता. तिने तो पुन्हा माझ्यापुढे धरला. आता जरा जवळ.

या वेळी माझा नेम चुकला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर एवढं ऐका. आम्हाला नको म्हणता येत नाही. आमच्यासाठी भक्ष्य निवडाल तेव्हा तुमची माया केवढी आहे ते पाहू नका, आमचं अंग केवढं आहे ते पाहा. आमच्यापुढे जिवंत जीव कोंडून निघून जाऊ नका. त्या पांढऱ्या उंदराचा काय दोष होता? त्याला भूक लागली होती आणि त्याला जगायचं होतं. तो त्या दिवशी कुणाच्याही पोटात न जाता मेला.

आता मी खाते. माझ्या डाव्या बाजूने हळू या, म्हणजे तुम्ही मला दिसाल.