पाठमोरी पंगत

शिसारी आली मला त्या दिवशी, दुसरा शब्द नाही. दोन पानांची यादी, वर ठळक अक्षरांत ‘फोटोग्राफी कार्यशाळा’, खाली नावं. वाचता वाचता तोंडात कडू पाणी यायला लागलं. पण आधीचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा उगाच पिसाळला.

मी मुरलीधर. इथं हिंदी मुलखात, कमानिया गेटजवळ, चौतीस वर्षं माझा स्टुडिओ होता, आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. आमच्या मराठी मंडळाचे सगळे फोटो मीच काढत आलो, गणपतीचे, हळदीकुंकवाचे, बक्षीस समारंभाचे, म्हणून सगळे मला मास्टर म्हणतात. स्टुडिओ बंद झाल्यापासून दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी विजय नगरात दोन चकरा मारायच्या, एवढंच काम उरलं होतं. मंडळ फोटोग्राफीचे वर्ग काढून राहिलंय असा फोन आला, तेव्हा मी समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. हो म्हणालो.

पहिल्या बैठकीत आम्ही चौघं. अध्यक्ष विष्णुपंत, ज्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेसोबत इकडे आले, आणि हे तुम्हाला त्यांच्याकडून पाच मिनिटांत कळतंच. सचिव सुहासिनीताई, शाळेतून रिटायर झालेल्या, कामाला वाघीण. विष्णुपंतांचा पुतण्या अनुपम, गळ्यात मुसळाएवढी लेन्स. आणि मी. ठरलं असं की तीन वर्ग घ्यायचे. ज्यांना काहीच येत नाही त्यांचा प्राथमिक, शनिवारी सकाळी, अनुपम शिकवेल. थोडंफार येतं त्यांचा मध्यम, शनिवारी दुपारी, आम्ही दोघं मिळून. आणि ज्यांचा हात बसलेला आहे त्यांचा प्रगत, रविवारी संध्याकाळी, माझ्याकडे.

“पण कोण कुठं बसणार, हे ठरवणार कसं?” मी विचारलं.

“उसमें क्या है, मास्टरजी,” अनुपम म्हणाला. “ज्याच्याकडे मोठा कॅमेरा, तो प्रगत.”

“अच्छा! म्हणजे मोठी कढई असली की भजी आपोआप तळली जातात?”

मी अट घातली. प्रत्येकानं स्वतः काढलेला एक फोटो द्यायचा, मागं नाव नाही, फक्त नंबर. नंबर कोणाचा, ते सुहासिनीताईंच्या वहीत राहील. मी फोटो पाहून तीन गठ्ठे करीन. विष्णुपंतांनी मिशीवरून हात फिरवत मान डोलावली, आणि मी बावळट, मला वाटलं ते पटल्याची मान आहे.

फोटो आले एक्केचाळीस. त्यात अकरा वेळा धुआंधार धबधबा, प्रत्येकात पाणी दुधासारखं आणि आभाळ वांग्यासारखं. सहा वाढदिवसांचे केक. एका गुलाबावर दवबिंदू, जे नळाखाली धरून आणलेले होते हे आंधळ्यालाही दिसलं असतं. विष्णुपंतांचा फोटो मी वही न पाहता ओळखला, कारण त्यात त्यांचीच गाडी होती. एक बरा निघाला, पत्र्यावर बसलेल्या कबुतरांचा. मी कंटाळून उठणारच होतो, तेवढ्यात सत्तावीस नंबर हातात आला.

पंगतीचा फोटो होता. पण पंगत पाठमोरी. स्वयंपाकघराच्या दारातून काढलेला. एका ओळीत सगळ्यांच्या माना, अंबाडे, गजरे, कोणाच्या सदऱ्याची उसवलेली शिवण. आणि टोकाला एक चिमुरडी, तोंडात घास, एकटीच मागं वळून सरळ स्वयंपाकघराकडे पाहते आहे. चौतीस वर्षं मी पंगतीचे फोटो काढले, सगळे समोरून, ‘जरा इकडे बघा’ म्हणत. मागूनही पंगत असते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग दिसलं, डावीकडून तिसरी मान माझी. मी तो फोटो सगळ्यांच्या वर ठेवला.

निकाल दिल्यावर वही उघडली, तो बेबीताईंचा होता. बेबीताई म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमांचा स्वयंपाक करतात त्या, बावीस वर्षांपासून. मूळच्या यवतमाळकडच्या, ओमती मोहल्ल्यात घरून डबे देतात. काच तडकलेला फोन. फोटो द्यायला आल्या तेव्हा जिन्यात मला म्हणाल्या होत्या, “मास्टर, दोन वर्षांपासून काढून राहिली मी. एखादा बरा निघते. पण बरा काहून निघाला, ते समजत नाही. तेवढं मला शिकायचं आहे.” असा प्रश्न चौतीस वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. वहीत नाव पाहिल्यावर मी त्यांना सांगितलं, रविवारी संध्याकाळी या, माझ्या वर्गात. पक्कं.

आणि दुसऱ्या बैठकीत ती यादी. प्रगतमध्ये पहिलं नाव विष्णुपंत, मग त्यांच्या पत्नी विभावरीबाई, मग डॉक्टर चंद्रशेखर, ज्यांच्या फोटोत त्यांचाच अंगठा आला होता. कबुतरांचा फोटो मंडळाच्या सतरंज्या अंथरणाऱ्या रामरावांचा होता, मी दुसरा ठेवलेला, आणि ते प्राथमिकमध्ये. बेबीताईंचं नाव मी तीनदा शोधलं. कुठंच नाही.

“माझ्या निकालाची काय शेंगदाण्याची पुडी बांधली?” मी ओरडलो.

“मास्टर, निकाल उत्तमच होता,” विष्णुपंत शांतपणे म्हणाले. “पण माणसांचा मान असतो. मी प्राथमिकमध्ये बसू, आणि रामराव प्रगतमध्ये?”

“बसा की! तुमची गाडी चांगली आली आहे, फोटो नाही.”

सुहासिनीताई मध्ये पडल्या. “चिडू नका हो. मी माझ्या मनानं काही केलं नाही. कोणाला वाईट वाटायला नको म्हणून तुमचाच फोटो समोर ठेवला आणि नावं उतरवली. पटापट झाली.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर मंडळाचा गेल्या वर्षीचा ग्रुप फोटो. खुर्च्यांवर बसलेले, ते प्रगत. त्यांच्या मागं उभे, ते मध्यम. पुढं सतरंजीवर मांडी घातलेले, रामराव वगैरे, ते प्राथमिक. यादी हातात धरून मी डावीकडून उजवीकडे पाहत गेलो. एक नाव इकडचं तिकडे नाही.

“खुर्च्यांवर कोण, ते तुम्हीच बसवता ना दरवर्षी?” सुहासिनीताई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. “आजवर कोणी तक्रार केली नाही.”

“आणि बेबीताई?”

त्यांनी जीभ चावली. “अगं बाई, त्या फोटोत नाहीत. राहिलंच. लिहून टाका ना तुम्ही, प्राथमिकमध्ये जागा आहे.” पेनही पुढं केलं.

मी पेन घेतलं नाही. यादी घेतली आणि टराटरा फाडली. “थू तुमच्या वर्गांवर,” म्हणालो, “या घाणीत मी पाय ठेवणार नाही.” आणि निघालो. ओमतीपर्यंत ऑटोत छाती फुगवून बसलो होतो. बेबीताईंना कसं कसं सांगायचं ते जुळवून राहिलो होतो.

त्या पोळ्या लाटत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, विष्णुपंतांची नक्कल करून, हातवारे करून. आणि शेवटी म्हणालो, “त्यांची गरजच नाही आपल्याला. दर रविवारी मी इथं येऊन शिकवतो तुम्हाला.”

बेबीताईंचं लाटणं थांबलं. “त्या नाव लिहून टाका म्हणत होत्या? अन् तुम्ही कागद फाडला?”

“प्राथमिकमध्ये हो! तेही शनिवारी सकाळी. तुमचे डबे असतात.”

“डबे पहाटे उरकले असते मी. सून आहे हाताखाली. मला विचारायचं तर होतं.” त्यांनी पोळी तव्यावर टाकली. “अन् इथं काहून येता? इथं तर मी रोजच एकटी आहे. मला तिथं बसायचं होतं, मास्टर. सगळ्यांच्या संगं. खुर्चीवर.”

मी पोळ्यांच्या डब्याशेजारी खाली बसलो.

“त्या ग्रुप फोटोत एकदा आली होती मी,” त्या म्हणाल्या. “दहा-बारा वर्षं झाली. भांडी टाकून, हात पुसत पळत आली. तुम्ही कॅमेऱ्यातून डोकं काढलं अन् म्हणले, बेबीताई, फ्रेम भरली. आठवते?”

नाही आठवलं. कितीही ताण दिला तरी आठवलं नाही. मघापासून विष्णुपंतांची किळस येत होती, ती आता विष्णुपंतांची राहिली नव्हती. माझी मलाच आली. मंडळवाल्यांना निदान यादी करताना कोणाला वाईट वाटेल याचा विचार तरी करावा लागला. मी तर ते वाक्य बोलून विसरून गेलो होतो.

“आता चप्पल घाला,” बेबीताई म्हणाल्या, “अन् परत जा. माझं नाव लिहून या.”

गेलो. थुंकलेलं चाटायला गेलो, दुसरं काय. फाडलेली यादी सुहासिनीताईंनी टेप लावून जोडली होती. “चुकलं माझं,” मी म्हणालो. ते दोन शब्द गिळलेल्या माशीसारखे बाहेर आले. पेन मागितलं, प्राथमिकच्या खाली नाव लिहिलं. मग म्हणालो, “प्राथमिक मी शिकवतो. प्रगत अनुपमला द्या.”

विष्णुपंत एवढे खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथं खव्याची जिलेबी मागवली. पुतण्या प्रगत वर्गाचा मास्टर! मला पाठीवर थापा मारल्या. “शेवटी समजूतदार माणूस हो तुम्ही.” मी दोन जिलेब्या खाल्ल्या. गोड लागल्या, त्याचीच घाण वाटली.

पहिल्या शनिवारी एकोणीस जण आले. रामराव कबुतरांचा फोटो खिशात घालून आले होते. बेबीताई नऊच्या आधीच हजर, इस्त्रीचं लुगडं, फोन मांडीवर. शेवटच्या ओळीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या.

“बेबीताई, पुढं या,” मी म्हणालो. “इथं जागा आहे.”

“राहू द्या, मास्टर. इथूनच बरं दिसते.”

कोण बोललं म्हणून सगळा वर्ग मागं वळला. बेबीताईंनी तेवढ्यात फोन उचलून फोटो काढला. मग उठल्या, खुर्च्यांमधून वाट काढत फळ्यापाशी आल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

“हा बरा निघाला,” त्या म्हणाल्या. “आता सांगा, काहून?”

मी पाहिलं. या वेळी एकही मान नव्हती, सगळे चेहरे होते. अगदी मागं, फळ्यापाशी, हात अर्धवट वर केलेला मी. सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते. “त्या पंगतीत एकटी पोरगीच वळली होती,” मी म्हणालो, “आज सगळे वळले.”